चमकत्या पट्ट्यांची झूल

घरात पाय ठेवल्याबरोबर मंजुषाला आधी बैल दिसला, आणि तिचं डोकं फिरलं.

बैल लाकडाचाच, पण गुडघ्यापेक्षा उंच, सागवानी, चार चाकांचा. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं कोरलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सेलूतली सगळी पोट्टी असे बैल सजवून मैदानात आणतात, मग दारोदार फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. या घरचा बैल दिसला की म्हातारी माणसं अजूनही सासऱ्यांचं नाव काढतात. मंजुषाच्या लेकीनं, रोशनीनं, त्याची शिंगं निळी रंगवली होती, ती निळीच होती. पण पाठीवर मात्र लाल मखमलीची, सोनेरी गोंड्यांची, दुकानातून आणलेली झूल चढवली होती.

रोशनीची झूल वेगळी होती. मंजुषाच्या कामावरचं जॅकेट फाटलं तेव्हा पोरीनं त्याच्या चमकत्या पट्ट्या उसवून घेतल्या आणि आईच्या जुन्या हिरव्या साडीच्या तुकड्यावर शिवल्या. दिवसभर विजेच्या खांबांवर चढून आलेली मंजुषा संध्याकाळी कुकर लावता लावता सुई ओवून द्यायची, आणि नऊ वर्षांची रोशनी जीभ बाहेर काढून टाके घालायची. ‘आई, अंधारात लांबून दिसतीन का वं ह्या पट्ट्या?’ हे तिनं रोज विचारलं, आणि मंजुषानं रोज ‘दिसतीन’ म्हणून सांगितलं. त्या घाईगर्दीच्या घरात मायलेकींना एकत्र बसायला मिळालं ते तेवढंच. ती झूल आता ओसरीच्या कोपऱ्यात चपलांच्या ढिगावर पडली होती.

“ही झूल कोनं काढली?”

आतून तिची मोठी जाऊ चारुता पदराला हात पुसत आली. “मीच काढली. अगं, भंगारातल्यासारखी दिसत होती ती. ऋतिक बैल घेऊन मैदानात जाईल, लोक फोटो काढतील, बरं दिसतं का?”

“बैल ऋतिक नेनार हाय?”

“मग? घरातला मोठा मुलगा तोच ना!”

ऋतिक पंधरा वर्षांचा. तो पायरीवर बसून मोबाईलमध्ये बोटं आपटत होता. मान वर न करता तो म्हणाला, “मम्मी, मी कुठं म्हटलं मला न्यायचाय? मला लाज वाटते.”

“तू गप रे.”

मंजुषानं झूल उचलली, झटकली, खांद्यावर टाकली. पोळ्याच्या दिवशी साऱ्या ऑफिसनं सुट्टी मागितली, तेव्हा तिनं पोळ्याला ड्यूटी केली ती एवढ्यासाठीच, की आज दुपारी लवकर सुटता येईल. त्यातही निघता निघता एका शेतातला पंप बंद पडला आणि साडेसहा वाजले. बरं, उशीर झाला तर झाला. पोरीचा बैल काढून घ्यायचं काय कारण? हे बोलायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारामागं ठेवलेली बॅग दिसली.

रोशनीची बॅग. गच्च भरलेली, वर तिचा गुलाबी स्वेटर घडी करून ठेवलेला.

“हे काय हाय?”

खाटेवर तिचा नवरा कैलास बैलाची दोरी हातात घेऊन बसला होता. दोरीला एक गाठ होती. ती तो सोडवत होता, पुन्हा मारत होता. खुर्चीत तिचे मोठे दीर, खुशाल मास्तर, बसले होते. नागपूरला मास्तरकी करून करून त्यांची घरातही वर्गात बसल्यासारखं बसायची सवय गेली नव्हती. सकाळपासून ते एकच गोष्ट सांगत होते, की गावातल्या पहाटेच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कोणीतरी त्यांच्या गाडीचा डावा दिवा फोडला. आता मात्र त्यांनी घसा खाकरला.

“मंजुषा, बस जरा. शांतपणे बोलू.”

“मी उभीच बरी हाय, भाऊजी. बोला.”

“रोशनीला आम्ही घेऊन जातो. आजच. आमच्या शाळेत मी बोललो आहे, मधूनच घेतील तिला. तिथं क्लास आहे, पोहायला तलाव आहे, घरात चारुता दिवसभर असते. इथं काय आहे? तू दिवसभर बाहेर. कैलास पहाटे भाजी घेऊन वर्ध्याला जातो, मग दिवसभर वावरात. आईचे गुडघे गेलेले. पोरीकडं पाहायला कोण आहे?”

“अन् हे कवा ठरलं?”

“काल. पोळ्याच्या जेवणावर. सगळेच होते.”

सगळेच होते! काल मंजुषा भर उन्हात खांबावर होती तेव्हा इथं पुरणपोळीवर तूप वाढता वाढता तिची लेक वाटून टाकली होती. तिनं कैलासकडं पाहिलं. कैलासनं गाठीकडं पाहिलं.

“तुम्ही पण होते?”

“दादा म्हनत होता,” कैलास दोरीशीच बोलला. “म्या म्हनलं, पाहू.”

“पाहू म्हनलं अन् बॅग भरली? स्वेटरबी टाकला! भादव्यात नागपुरात बर्फ पडून राह्यला काय?”

ऋतिक फसकन हसला आणि आईनं डोळे वटारल्यावर पुन्हा मोबाईलमध्ये गेला.

आतून मंदाबाई झारा हातात घेऊनच आल्या. मंजुषाची ही सासू तशी वाईट बाई नव्हती. मंजुषा नोकरीला लागली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यानं नाकं मुरडली, पण पहिल्या दिवशी डबा भरून दिला तो मंदाबाईंनीच. आज मात्र त्या मोठ्या सुनेच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

“मंजू, चिडू नोको माय,” त्या म्हणाल्या. “त्या मंगळवारचं मले अजून आठवते. पाऊस धोधो पडून राह्यला, शाळा सुटून गेली, अन् हे लेकरू अंधार पडेपर्यंत शाळेच्या पायरीवर एकलं बसलं. शेवटी चौकीदारानं आनून सोडलं. काई झालं असतं तं? माह्याच्यानं धावनं होत नाई. तुले तं खांबावरून उतरनं होत नाई.”

“नेमकं हेच,” चारुता म्हणाली. “मी तर ऐकून रडले. आई असून असं कसं विसरू शकते कोणी?”

त्या मंगळवारी मंजुषा हिंगणीकडं झाड पडून तुटलेल्या तारा ओढत होती. दुपारीच तिनं कैलासला फोन करून सांगितलं होतं, शाळेचा ऑटो येणार नाही, पोरीला तुम्ही आणा. तो ‘हो’ म्हणाला होता. आणि पोळ्याच्या दिवसांत देवळामागं पत्त्यांचा फड बसतो, तिथं जाऊन बसला होता. पत्त्यांचं नाव काढलं की मंदाबाई अन्न टाकायच्या, त्यांचं बीपी वाढायचं. म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर ओल्या कपड्यांनिशी मंजुषानंच सांगितलं होतं, की मलेच उशीर झाला. नवऱ्याची अब्रू राखली होती तिनं. आता तीच अब्रू तिच्या लेकीची बॅग भरून दाराशी उभी होती.

“अवो,” ती कैलासला म्हणाली, अगदी हळू. “आयकून राह्यले ना तुम्ही? काई बोलायचं असन तं बोला.”

कैलासनं दोरीची गाठ आणखी आवळली.

“तो काय बोलणार बिचारा,” चारुता म्हणाली.

“बिचारा!” मंजुषाचा आवाज चढला. “वा वा! पोरगी आईची, अन् बाप बिचारा!”

“बाबा येनार होते.”

हे रोशनी बोलली. ती आतल्या दाराला टेकून कधीची उभी होती, कोणाला कळलंच नव्हतं. नवा फ्रॉक, केसांना दोन रिबिनी, आणि रडून सुजलेले डोळे.

“मी चौकीदारकाकाच्या फोनवरून बाबाले फोन लावलता. येतो म्हने. मांगून कोनीतरी म्हनलं, कैलास, पत्ता टाक ना बे.”

मंदाबाईंचा झारा खाली आला, तेल टपटप फरशीवर पडलं.

“कैलास,” त्या म्हणाल्या. “पोट्टी खरं बोलून राह्यली का?”

“आई, एकच डाव…”

“एकच डाव!” म्हातारीनं झारा त्याच्यावर रोखला. “पोरगी पावसात बसली, अन् तू पत्ते पिसून राह्यला? अन् मी बह्याडावानी आठ दिवस हिले बोल लावून राह्यली! कायले नाई सांगतलं वं मंजू तू मले?”

“तुमच्याच बीपीसाठी नाई सांगतलं,” मंजुषा म्हणाली. तिला वाटलं, आता फिटलं. आता कोणी बॅगेला हात लावणार नाही.

पण खुशाल मास्तर उठून उभे राहिले. “मग तर बोलायलाच नको. आई बाहेर, बाप पत्त्यांत. ही मुलगी इथं एक दिवसही ठेवणं बरोबर नाही. आई, तुझं काय म्हणणं?”

मंदाबाईंनी लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि झाऱ्यासकट हात हवेत सोडून दिला. “ने बापा. घेऊन जा. इथं कोनाच्याच भरवशावर लेकरू ठेवनं नाई होत.”

घ्या! खरं बाहेर आलं, आणि त्याचाही दंड मंजुषालाच. चारुता लगबगीनं बॅगेकडं वळली. मंजुषानं तिच्या आधी जाऊन बॅग उचलली, ओसरीच्या मधोमध ठेवली आणि चेन उघडली.

“रोशनी, इकडं ये. तुले जायचं हाय?”

“असं सगळ्यांसमोर विचारून तिच्यावर दबाव आणू नकोस,” चारुता म्हणाली. “मला ती हो म्हणाली आहे.”

“तुमाले म्हनली. मले म्हनू द्या. बोल माय. खरं सांग, मी रागवनार नाई.”

रोशनी फ्रॉकची किनार बोटाला गुंडाळत राहिली. “मोठी आई म्हने, तू खूप थकते. मी गेली तं तुले दुपारी धावत घरी येनं पडनार नाई. डबाबी एकच कमी. तुले आराम होईन.”

मंजुषाच्या तोंडून जे आलं ते तिला अडवता आलं नाही.

“माह्या लेकीले तुम्ही असं शिकवलं, ताई? की ती मले जड झाली? अवो, दिवसभर लोकायच्या शिव्या आयकते मी. लाईन गेली की माय काढतात, आली की कोनी फोन करत नाई. खांद्याले पट्टा काचते, पाय कापतात. अन् घरी आली की हे लेकरू मले शाळेतलं सांगत सांगत माह्यापाठीमागं सैपाकघरभर फिरते, कनकेचे हात माह्या गालाले लावते, तवा माह्या जिवात जीव येते. तोच एक आराम हाय मले, अन् तोच घेऊन चालले तुम्ही! मले आराम देयासाठी!”

“आवाज कमी कर, मंजुषा,” खुशाल म्हणाले.

“नाई करत! परवा तुम्ही सगळे वावरात उभे राहून बैलाच्या खांद्याले हळद-लोनी चोळत होते. वर्षभर ओढलं म्हनून. जेवाचं आवतन दिलं त्याले! तो तं जनावर हाय. माह्या खांद्याले या घरात कोनी कवा विचारलं, की मंजू, दुखते का? दुखलं म्हनून विचारलं नाई, अन् पोरगी घेऊन जायाले मात्र सगळे जमा!”

आणि बोलता बोलता ती बॅगेतले कपडे बाहेर काढत होती. स्वेटर काढला, खाटेवर आपटला. दोन फ्रॉक काढले. गणवेश काढला. मंदाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि चारुता लाल मखमलीच्या झुलीचे गोंडे सारखे करत होती.

तेवढ्यात वरचा पंखा घरघरत बंद पडला.

लाईन गेली. मंजुषाचा हात सवयीनं थांबला. बाहेर संध्याकाळ उतरली होती, मैदानाकडून डफड्याचा आवाज येत होता, आणि पाठोपाठ शेकडो पोट्ट्यांचा एकच ओरडा आला. मिनिटभरात तिचा फोन वाजला. ऑफिसातले मोतीलाल, निवृत्तीला आलेले.

“मंजू, मैदानाच्या कोपऱ्यावरच्या खांबावर जम्पर जळला. मागून सप्लाय बंद करून घेतला मी. पन माह्या गुडघ्यानं चढनं नाई होत, अन् बाकीची पोरं दुसऱ्या गावाले अडकली. अंधारात लहान लहान लेकरं हायेत वं सारी. येजो ना माय.”

“माही ड्यूटी संपली, काका,” ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, “आली.”

चारुता हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. “बघा. आत्ता एवढं बोलली, आणि निघाली. आम्हीही निघतो मग. लाईन नाही, काही नाही. अहो, गाडी काढा. रोशनी, बेटा, चप्पल घाल.”

हीच ती वेळ. मंजुषा गेली असती तर मागं काय होईल ते तिला दिसत होतं. मोठा भाऊ आवाज चढवील, धाकटा मान खाली घालील, आणि गाडी निघेल. नाही गेली तर अंधारात तारांखाली शंभर पोट्टी. तिला दोन्हीचा सारखाच संताप आला. तिनं खांद्यावरची हिरवी झूल काढली, बैलावरची लाल मखमल ओढून चारुताच्या हातात कोंबली, आणि स्वतःची झूल बैलाच्या पाठीवर बांधली. एक गाठ, दोन गाठी. मग ती कैलाससमोर जाऊन उभी राहिली.

“उठा.”

कैलास उठला.

“त्या मंगळवारी तुमची पाळी होती. मी तुमचं खोटं माह्या अंगावर घेतलं. आता नाई घेनार. आज बी तुमचीच पाळी हाय. ही दोरी अन् ही पोरगी. मैदानात न्या, नाईतं गाडीत बसवून द्या, तुमच्या हातात हाय. पन एक सांगून ठेवते, मी खाली उतरली अन् रोशनी नागपूरच्या रस्त्याले लागली असन, तं मी तिले आनाले जाईन. अन् तिच्यासंग या घरी येनार नाई.”

“मंजू…”

ती थांबली नाही. बेल्ट, हातमोजे, टोपी घेतली, आपल्या दुचाकीला किक मारली आणि गेली. रोशनीकडं तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेलीच नसती.

खांबावर ती रागातच चढायला लागली. चढणाऱ्यानं राग हातात आणू नये, हे मोतीलालकाकांनीच तिला शिकवलेलं. म्हणून ती मध्येच थांबली, दोन श्वास घेतले, मनातल्या मनात नवऱ्याला एक सणसणीत शिवी दिली आणि मग वर गेली. बेल्ट अडकवला. खाली मैदान काळं होतं. लेकरांच्या हाका, आयांच्या हाका, मधूनच मोबाईलच्या टॉर्चा. कुठलं पोट्टं कोणाचं, कुठला बैल कोणाचा, काही दिसत नव्हतं. ती जळका जम्पर, दोन तारा जोडणारा तो तुकडा, कापायला लागली.

मग त्यांच्या गल्लीतून गाडी बाहेर आली.

एकच दिवा. डावा फुटलेला. वेगळी ओळख कशाला हवी? गाडी मैदानाच्या कडेनं हळूहळू येत होती, हॉर्न वाजवत, गर्दीतून वाट काढत. आत कोण कोण बसलंय ते वरून दिसेना. मंजुषाच्या हातातली पक्कड थांबली. मागच्या सीटवर रिबिनीचं काही दिसतं का म्हणून तिनं एवढी मान ताणली की बेल्ट कमरेत रुतला.

“मंजू! झालं का वं?” खालून मोतीलाल.

“थांबा ना काका!”

गाडी नागपूरच्या रस्त्याकडं वळली, आणि वळता वळता तिचा तो एकटा दिवा मैदानावरून फिरला. माणसं, पाय, चाकं, लाकडी पाठी, सगळं क्षणभर करडं दिसलं. आणि मधोमध दोन पांढऱ्या पट्ट्या लख्ख पेटल्या.

निळी शिंगं. हिरवी झूल. दोरी धरून रोशनी, आणि तिचा दुसरा हात गच्च पकडून कैलास. गाडीतून कोणीतरी काच खाली करून काही बोललं. कैलासनं पोरीला आपल्या मागं ओढलं आणि मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा हलवली. काच वर गेली. गाडी पुढं गेली, आणि मैदान परत काळं झालं.

मंजुषानं जम्पर बसवला. डोळे वाहत होते, पण हातात मोजे होते, पुसणार कशानं? कैलासशी भांडण संपलेलं नव्हतं. पत्त्यांचं बोलायचं होतं, त्या ‘पाहू’चं बोलायचं होतं, आठ दिवस गप्प बसल्याचं बोलायचं होतं, आणि ती बोलणार होती, सासूच्या देखत बोलणार होती. ती खाली आली, बेल्ट सोडला, आणि मोतीलालनं फोन करून सप्लाय चालू करायला सांगितलं.

मैदानातले दिवे फडफडले आणि लागले. पोट्ट्यांनी असा गलका केला की डफडी ऐकू येईनाशी झाली. त्या गलक्यातून एक ओळखीचा आवाज गर्दी चिरत आला. रोशनी बैल ओढत, बापाला ओढत, खांबाकडं धावत येत होती.

“आई! वरून दिसल्या काय वं पट्ट्या? खरं सांग, दिसल्या?”

“दिसल्या वं माय!” मंजुषा अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. “दिसल्या!”